टेकतं पाणी

“आई, ह्या झाडांना रोज पाणी घालू नको. पंधरा दिवसांतनं एकदा, तेबी चमचाभर.”

यशराज पलटणीत परत जाताना एवढंच सांगून गेला होता. सुट्टीत त्यानं पलूसच्या घराच्या पायऱ्यांवर जाड पानांच्या झाडांच्या बारा कुंड्या मांडल्या होत्या. लीलाबाईंनी मान हलवली. एसटी वळणाआड गेल्याबरोबर मात्र त्यांनी मनाशी नेम धरला, की लेकाच्या झाडांना पाणी घातल्याशिवाय आपण पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

नेम रोजचा. झाडं बिचारी रोजच्या पाण्यानं सडत गेली. आठ महिन्यांत अकरा कुंड्या रिकाम्या झाल्या.

उरलं एकच, गुलाबासारखं पाकळ्यापाकळ्यांचं. त्याचीही खालची पानं पिवळी पडली, तेव्हा लीलाबाईंनी तोडगा काढला. पाणी एक दिवसाआड. झाडाला आणि स्वतःलाही.

सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांचा रिपोर्ट दोनदा वाचला.

“लीलाबाई, पाणी कमी पडतंय तुम्हाला. सकाळी दोन ग्लास, दिवसभरात तीन लिटर. महिन्यानं पुन्हा तपासू. असंच राहिलं तर ऑपरेशन करता येणार नाही.”

सून शिवांजली शेजारीच बसली होती. एसटीत बसल्यावर ती म्हणाली, “आत्या, सोडा आता तो नेम.”

“देवापुढं धरलाय.”

“आणि हे झाड गेलं तर?”

“मग पाणी कुणाला घालायचं? घालायचं न्हाई आन् प्यायचंबी न्हाई.”

शिवांजली खिडकीबाहेर बघत राहिली. सासूचे चातुर्मास तिनं पाहिले होते. ही बाई बोलली म्हणजे करणार.

दुसऱ्या दिवशी तिनं ते झाड कुंडीतनं अलगद काढलं. मुळांची माती धुतली, काळी पडलेली मुळं कात्रीनं कापली आणि झाड सावलीत जुन्या वर्तमानपत्रावर ठेवलं.

“काय चाललंय गं? मातीबिगर झाड कुठं जगतंय व्हय?”

“जगतं. पाण्यावर. मोबाइलवर बघितलंय, ह्यांनाबी विचारलंय. आधी चार-सहा दिवस सुकू द्यायचं. मग ग्लासाच्या तोंडावर बसवायचं. पाणी मुळांना नुसतं टेकलं पाहिजे, बुडवायचं नाही.”

“सहा दिवस सुकू द्यायचं?” लीलाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. “म्हंजी सहा दिवस मी काय करू?”

शिवांजलीला हसू आलं. तिनं काचेचा ग्लास आणून झाडाशेजारी ठेवला. “ह्याचा ग्लास हाच. ह्यात रोज आंघोळ झाली की चमचाभर पाणी घाला.”

“त्ये पीत न्हाई की!”

“पिऊ दे, नाहीतर राहू दे. तुम्ही वाढलं की नाही? देवाला निवद दाखवता, तेव्हा ताट रिकामं झालेलं बघता काय?”

लीलाबाई चमचा घेऊन आल्या.

तेव्हापासून पहाटे साडेपाचला आंघोळ करून त्या ग्लासात पाणी घालायच्या आणि लगेच स्वतः दोन ग्लास प्यायच्या. शिवांजली समोर बसून मोजायची. तिच्यापुढं एक छोटी वाटी असे. त्यातलं पाणी ती घोटघोट घेत दुपारपर्यंत पुरवायची.

सोमवारी आणि गुरुवारी दोघी सांगलीला जायच्या. दवाखान्यात चार तास मोडायचे. पिशवी लीलाबाईच धरायच्या. परतताना थांब्यावर एकदा शेजारचा दादासो भेटला.

“काकी, आवं किती वाळलाय तुमी! पर सूनबाई लय सेवा करतीया हां तुमची. असली सून मिळाया नशीब लागतंय.”

“व्हय रं गड्या,” लीलाबाई म्हणाल्या. “नशीबच म्हणायचं.”

शिवांजलीनं मान खाली घातली. गल्लीला काय सांगायचं ते लीलाबाईंनीच ठरवलं होतं.

सहा दिवसांनी झाड ग्लासाच्या तोंडावर बसलं. अठराव्या दिवशी ग्लासात पांढरं काहीतरी दिसलं. लीलाबाईंनी चष्मा पुसला. दोऱ्यासारखी बारीक, नवी मुळं पाण्याकडं उतरली होती.

“शिवांजली! अगं ये की लवकर! फुटलं बघ!”

दोघी ग्लासापुढं बसून राहिल्या, चहा उतू जाईपर्यंत.

महिना भरला. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट पाहिला आणि पहिल्यांदाच हसले. “उत्तम. पुढचा बुधवार.”

त्या रात्री यशराजचा फोन आला. “आई, माझं जमायला पाहिजे हुतं गं.”

“न्हाई जमलं तर न्हाई. ये तू मंगळवारपातुर. बायकोला धीर दे, माझं मी बघती.”

मंगळवारी निघायच्या आधी शिवांजली उंबऱ्याशी अडखळली. “आत्या, अजूनही नको वाटत असेल तर सांगा. ह्यांना मी समजावीन. मला अजिबात वाईट वाटणार नाही.”

“शब्द दिलाय मी. त्यो काय मेथीची जुडी हाय, आवडली न्हाई म्हणून माघारी टाकाया? चल, एसटी चुकंल.”

बुधवारी सकाळी सहाला सिस्टर कागद घेऊन खोलीत आली. यशराज दाराशी उभा होता.

“लीलाबाई, नियम आहे म्हणून शेवटचं विचारते. तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना?”

“कुणाचा असंल?”

“मग चला. आधी तुमची किडनी काढतील. पेशंटला त्यानंतर नेऊ.”

पलीकडच्या खाटेवर हिरव्या झग्यातली शिवांजली उठून बसली होती. लीलाबाईंनी तिच्या कपाळावरची बट मागं सारली.

“मांडवात तुझ्या आईला सांगितलं व्हतं मी, पोर आता माझी म्हणून.”

सिस्टरनं ट्रॉली पुढं केली. लीलाबाईंनी ती हातानं बाजूला सारली आणि त्या चालत निघाल्या.