काथ्याकूट

मुलगा सिराजुद्दीन आणि सून मैमुना यांची सौदीतल्या अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये रोज एकच चर्चा चाले: मला इथेच ठेवायचे की रत्नागिरीला परत पाठवायचे? मला मात्र कुणी विचारत नसे.

चर्चा सुरू झाली की छतावर धप्प धप्प होई. ती दोघे गप्प बसली की थांबे. आमचा मजला शेवटचा. वर फक्त पाण्याच्या टाक्या.

"प्लंबर बोलावतो," सिराज म्हणाला.

"प्लंबर काय करणार? नारळाची भिजवलेली सोडणं, म्हणजे वरची सालं, मोगरीने कुटतात, त्याचा आवाज आहे हा. खाडीकाठी मीही कुटलीत. काथ्याकूट शब्द त्यातलाच," मी म्हणाले.

"मतलब?" नात उमामाने विचारले.

"तुझे अब्बा-अम्मी करतात ते."

मैमुना म्हणाली, "त्यातून काथ्या तरी निघतो. यांच्या बोलण्यातून काय निघतं?"

यावर सिराज चिडला आणि चर्चा पुन्हा पेटली. वर इतकी धपधप सुरू झाली की फळीवरच्या बरण्या नाचू लागल्या.

"बस्स!" मी ओरडले. "मी गावी जाणार. एक तिकीट काढा!"

आवाज थांबला. सगळ्यांनी वर पाहिले.

छतातून आमच्याच बोलीत कुणीतरी हळूच म्हणाले, "दोन काढा."