पंधरा फुटांची कमान

“लोबेडच घ्या साहेब,” ड्रायव्हर म्हणाला. “तुमचा पोकलेन साडेदहा फूट उंच. लोबेडचा पाटा जमिनीपासून तीन फूट. साडेतेरा झाले. कुठं अडायचं नाही.”

ट्रान्सपोर्टच्या यार्डात दोन ट्रेलर शेजारी शेजारी उभे होते. एक लोबेड, ठेंगणा, पोट जमिनीला टेकल्यासारखा. दुसरा साधा, सपाट, पाच फुटी. कंत्राटदार दोन्हींच्या मधे पाठीमागे हात बांधून उभा होता. नव्या इस्पितळाचा पाया खोदायचं काम त्याला मिळालं होतं आणि पोकलेन आज तिथं पोचायला हवा होता.

“आणि हा उंचवाला का नको?”

“याच्यावर साडेपंधरा होतील. वाटेत तुमची कमान आहे. ती पंधरा फूट आहे.”

“सोळा आहे. नकाशा बघ.”

“नकाशात असेल.”

कंत्राटदाराच्या कपाळावर आठी पडली. “मी बांधलेली कमान मला शिकवतोस? लोबेडवाल्याने हात ओले केलेले दिसतात तुझे.” त्याने ड्रायव्हरच्या हातातली ट्रेलर ठरवायची चिठ्ठी ओढून घेतली आणि उंच ट्रेलरपुढे सही ठोकली.

ड्रायव्हरने मान खाली घालून चिठ्ठी खिशात ठेवली. हा माणूस त्याला पाठ होता. आपण पूर्व म्हटलं की हा पश्चिमेला जाणार. म्हणून तर तो खरं बोलला होता.

तीन वर्षांपूर्वी या कंत्राटदाराने बांधलेली शाळेची भिंत पडली. ड्रायव्हरची बायको तिथं शिपाई होती. भिंत पडली ती तिच्याच अंगावर. नेमका त्याच वेळी ड्रायव्हरचा रिकामा ट्रेलर शाळेच्या वळणावरून गेला होता. “यानेच धक्का मारला,” कंत्राटदाराने चारचौघांत सांगून टाकलं, आणि संध्याकाळच्या आत याच पोकलेनने सगळा ढिगारा उचलून लांब खाणीत नेऊन टाकला. काय तत्पर माणूस, असं लोक म्हणाले. ड्रायव्हरला बायको गमावल्याचं दुःखही धड करता आलं नाही, कारण गावाच्या लेखी तिला त्यानेच मारलं होतं. तिचे वडील जन्मभर गवंडीकाम केलेले. त्या दिवसापासून ते जावयाशी एक शब्द बोलले नव्हते.

कमान त्याच महिन्यातली. वर सोनेरी अक्षरांत कंत्राटदाराच्या वडिलांचं नाव. तिच्याखालून जाताना दर वेळी ड्रायव्हरच्या तळपायाची आग मस्तकाला जाई.

कमानीच्या वीस पावलं अलीकडे त्याने ट्रक थांबवला. खाली उतरून दोन्ही बाजूंची वाहनं अडवली. पानाच्या टपरीशी उभ्या असलेल्यांना हाकललं. कमानीजवळच्या बाकावर सासरे बसले होते, रोजच्यासारखे.

“मामा, जरा पलीकडे जाऊन बसा.”

म्हातारा त्याच्याकडे न बघताच उठला आणि रस्त्यापलीकडे गेला.

पुढच्या गाडीतून कंत्राटदार तणतणत उतरला. “काय तमाशा लावलाय? घे की पुढं!”

“साहेब, अर्धा फूट कमी पडतंय.”

“सोळा फूट आहे म्हणून सांगतोय ना! काही झालं तर मी जबाबदार. घे पुढं!”

हे सगळ्या रस्त्याने ऐकलं. ड्रायव्हरला तेवढंच हवं होतं. तो चढून बसला आणि पहिल्या गिअरमध्ये ट्रक मुंगीच्या पावलांनी पुढं काढला. तीन वर्षं पोटात ठेवलेला राग आता हातात उतरला होता. त्याला एकच धास्ती होती. कमान पडलीच नाही तर?

त्याची केबिन खालून पार झाली. मागे पोकलेनची वाकवलेली मान कमानीला टेकली. खरं तर तिथंच ट्रक अडायला हवा होता, मान मोडायला हवी होती. पण चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी कमान मधोमध तुटली आणि पोकलेनवर कोसळली. धूळ बसली तेव्हा सोनेरी अक्षरं रस्त्यावर पसरली होती.

“माझ्या बापाचं नाव!” कंत्राटदार धावत आला. मग त्याचं लक्ष तुटलेल्या कडांकडे गेलं आणि त्याचा आवाजच बदलला. “आधी हे उचला! पोकलेन उतरवा, रस्ता मोकळा करा!”

“या वेळी पोकलेन ढिगाऱ्याखाली आहे साहेब,” ड्रायव्हर म्हणाला. “आणि किल्ली माझ्या खिशात.”

मग तो रस्ता ओलांडून सासऱ्यांपुढे उभा राहिला. इतक्या दिवसांचं त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडलं.

“मामा, धक्का लागला होता की नाही, मला खरंच माहीत नाही. तीन वर्षं मी तेच आठवतोय. तुम्ही गवंडी आहात. एकदा जाऊन बघा, याच्या बांधकामाला पडायला धक्का तरी लागतो का.”

म्हातारा उठला. ढिगाऱ्याशी जाऊन उकिडवा बसला. तुटलेल्या तुकड्यात त्याने बोट घातलं आणि आतून सळीच्या जागी घातलेली एक तार ओढून काढली, कपडे वाळत घालायच्या तारेइतकी. ती करंगळीला गुंडाळून बघितली. दुसऱ्या तुकड्यात तेच. तिसऱ्यातही तेच. एक ढेकूळ त्याने मुठीत दाबलं, तर वाळू होऊन बोटांतून गळालं.

कंत्राटदार फोनवर कुणाला तरी दुसरं मशीन घेऊन ये म्हणून ओरडत होता.

म्हाताऱ्याने ते ऐकलं. तो ढिगाऱ्यावर चढला, मधोमध मांडी घालून बसला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने जावयाकडे पाहिलं.

“तुम्ही जाऊन तक्रार लिहून या, जावईबापू,” तो म्हणाला. “हा ढिगारा कोण उचलतो, ते मी बघतो.”