पवनीच्या आभाळातली रेघ

"तो उजेड पाहा, आला! उजव्या बाजूनं!" कैलाश ओरडला, आणि धनंजयने कॅमेरा झटकन नदीपलीकडच्या आभाळाकडे वळवला.

आभाळात काहीच नव्हतं. वैनगंगेवर संध्याकाळ उतरत होती. पैलतीरावरची झाडं काळी पडत चालली होती. एक टिटवी ओरडत वाळूवरून गेली, तेवढंच.

"दिसला ना, सर?" कैलाशने विचारलं.

धनंजयने चित्रण मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग हर्षाकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

धनंजयचं भंडाऱ्यात पंखे आणि मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या गल्लीतली हर्षा पोस्टात नोकरीला होती. सुट्टीच्या दिवशी दोघं जिल्हाभर फिरत. कुठे आभाळात दिवे दिसले, कुठे विहिरीतून आवाज आला, की हे निघाले. जे सापडेल ते धनंजय आपल्या चॅनलवर टाकायचा. परग्रहावरचं यान कधीतरी आपल्या जिल्ह्यातही उतरेल, असं त्याला मनापासून वाटे. आजवर हाती लागले होते ते लग्नातले ड्रोन, एका रांगेत जाणारे उपग्रह आणि एकोडीच्या एका शेतात बांबूवर टांगलेला सौरदिवा. दर वेळी हर्षा खुलासा शोधून काढी आणि धनंजयचा चेहरा उतरे.

कैलाशचं प्रकरण वेगळं वाटत होतं. तो पवनीतला पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरवरची नावं, बुद्धविहाराच्या भिंतीवरची वचनं, सगळी त्याच्याच हातची. अक्षर मोत्यासारखं. गेले काही दिवस दिवेलागणीला त्याला आभाळात एक निळसर पांढरी रेघ दिसत होती. विळ्यासारखी वाकडी, लखकन चमकून जाणारी. त्याने ती पुठ्ठ्यावर रंगवूनही ठेवली होती. भोवती काळे ठिपके होते.

"ही लहान यानं असतील," पुठ्ठा पाहून धनंजय हरखून म्हणाला होता. साक्षीदाराला विचारायच्या त्यांच्या प्रश्नांत डोळ्यांबद्दलही एक प्रश्न असे. धनंजय तो प्रश्न नेहमी गाळायचा. माणसाला अपमान वाटतो, म्हणायचा.

घाटाच्या पायरीवर कैलाशची बायको ललिता बसली होती. ती उठून जवळ आली.

"सर, नीट पाहा ना अजून. गावात लोकं याइले पागल म्हणून राहिले. कोणी म्हणते दारू सुरू केली. यानं आयुष्यात कधी हात नाही लावला दारूले. तुमच्या कॅमेऱ्यात आलं का गप होतील सारे."

"ताई, आभाळात काही नाही," धनंजय हळू आवाजात म्हणाला. "आम्ही दोघंही तिकडेच पाहत होतो."

कैलाशचा चेहरा पडला. "म्हणजे मी खोटा?"

"तसं नाही म्हणत..."

"मंग काय म्हणता? एवढी ताकद हाय त्या उजेडात, सर. डोळे मिटले तरी दिसते मले!"

धनंजयचे डोळे चमकले. त्याने कॅमेरा पुन्हा सुरू करून उचलला. पण हर्षाने त्याचा हात खाली केला.

"कैलाशभाऊ, डावा डोळा हातानं झाका. आता उजवीकडे-डावीकडे बघा. दिसते?"

"हो. दिसून राहिली ना."

"आता उजवा झाका."

कैलाश बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "नाही दिसत."

"आणि ते काळे ठिपके?"

"उजव्यातच. मच्छरं उडल्यावानी." "आज सकाळपासून खालून काळी सावली बी वर येऊन राहिली. मले वाटलं, यान जवळ आलं."

हर्षाने फोन काढला. तिची मावसबहीण नागपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर होती. पलीकडून दोन-तीन प्रश्न आले. हर्षाने कैलाशला विचारून उत्तरं दिली आणि फोन ठेवला.

"धनंजयभाऊ, गाडी काढा. डोळ्याचा पडदा फाटून सुटत चालला आहे, असं ती म्हणते. मधला भाग अजून शाबूत असेल, तर नजर वाचेल. उद्यावर टाकू नका, म्हणाली."

धनंजय आभाळाकडे बघत उभा राहिला. क्षणभरच. मग त्याने तोवर चालूच असलेला कॅमेरा बंद केला आणि घाट चढून गाडीकडे धावला.

गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली. ललिताने नवऱ्याचा हात धरून ठेवला होता. एकदा कैलाशने हर्षाला विचारलं, "ताई, एक डोळा गेला तं अक्षर येते का काढता?" धनंजयने गाडीचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मधला भाग वाचला. उशीर केला असता तर या डोळ्याचं काही खरं नव्हतं." ललिता बाकावर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली.

धनंजय तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. तो रात्रभर झोपला नव्हता.

"ताई, घाटावरचं चित्रण मी पुसून टाकतो," तो म्हणाला. "चॅनलवर काही टाकत नाही. त्यात तसंही काही सापडलं नाही."

ललिताने डोळे पुसले आणि वर पाहिलं.

"पुसू नका, सर. टाका ते. डोळ्याचं सारं हाय त्यात. साऱ्या पवनीले दिसू द्या, माहा माणूस खरं बोलून राहिला होता."