बाहुलीचं माप

झबलं टेबलावर आपटत ती ओरडली, “कुणी शिवलं हे?” मीच शिवलं होतं. जन्मताच गेलेल्या बाळांसाठी आम्ही चौघी विनामोबदला झबल्यांची जोडी शिवतो. एक बाळाच्या अंगावर जातं, दुसरं आईजवळ आठवण म्हणून राहतं. “फुकट मिळालं, तरी ही भाषा?” मी तडकले. “माझी लेक बुडाली त्यात! बाह्या दुमडून बांधाव्या लागल्या. बाहुलीच्या मापानं शिवता का?” शिवत होतो खरं. दवाखान्यात माप विचारायला कुणाची जीभ रेटली नव्हती. “मग सांग, केवढी होती?” माझाही आवाज चढला. तिनं तळहात टेबलावर आपटला. “एवढी. मनगटापासून मधल्या बोटापर्यंत.” मशिनं थांबली. मी खडूनं त्या हाताभोवती रेघ ओढली. तिनं हात काढला नाही. “आणि लेस लावू नका,” ती गुरकावली, “टोचते.” कपाटातली चाळीस झबली काढून आम्ही लेस उसवायला बसलो.