बांधावरचा देव

चारठाण्याच्या शिवारात पऱ्हाट्या उपटताना विधवा कडूबाईला बांधाच्या टोकाला एक घडीव काळा दगड दिसला. माथ्यावर तीन रेघा कोरलेल्या. शेजारचं रान दिराचं, बन्सीधरभावजींचं. चार बुकं शिकलेला माणूस म्हणून तिनं त्यांनाच विचारलं, ह्यो कशाचा दगड?

भावजींनी चपला काढल्या, वाकून रेघांवरून बोट फिरवलं. "वैनी, त्रिशूळ हाय हा. महादेवाला असं उन्हात पडू द्यायचं नसतं. घरी न्या, पूजा करा."

त्या ऐंशी सालापासून आठ वर्षं, दगडावर तांब्याभर पाणी घातल्याशिवाय कडूबाईनं चहाचा घोट घेतला नाही. सोमवारचा बेल तर भावजीच आणून देत. रान मात्र दरसाल आखडायला लागलं. आधी कापसाच्या चार ओळी कमी भरल्या, मग बारा. शेवटी तिनं तालुक्याला अर्ज देऊन मोजणी मागवली.

मोजणीदार दुपारपर्यंत बांधानं फिरला, मग भावजींसोबत पाणी प्यायला कडूबाईच्या घरी आला आणि देवघरापाशी थबकला.

"बाई, हद्दीचा दगड हाच की! ही खूण मोजणीवाल्यांची. जागेवर असता तर तुमचं गेलेलं रान आजच काढून दिलं असतं. इथं कुणी आणला?"

कडूबाईनं भावजींकडं पाहिलं.



"सायेब, पंचनाम्यात लिवून घ्या," भावजी देवाला हात जोडत हळूच म्हणाले, "हद्दीचा दगड वैनीनं उपटून नेलाय. सगळ्या गावानं बघितलंय."