पहिलीची शाल

घोडीच्या डाव्या कानात कांद्याचा रस पिळून झाला होता. शेपटीला गाठी मारून झाल्या होत्या. जुन्या चपलेचा तळवा जाळून त्याची धुरी दिली, तेव्हा घोडी शिंकली आणि जमलेल्या चारचौघांनी गुण आला म्हणून माना डोलावल्या. पण समोरच्या चाऱ्याला काही तिनं तोंड लावलं नाही. गेले नऊ दिवस ती अशीच भिंतीकडे तोंड करून उभी होती. फासळ्या वर आल्या होत्या.

गाडीवानाची बायको तबेल्याच्या दारात, हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता उभी होती. ती आत्ताच भावाच्या घरून परतली होती. दूधवाल्याबरोबर नवऱ्याचा निरोप आला होता, 'घोडी खात नाही, लगेच ये.' कशी आहेस नाही, झालं गेलं विसर नाही. घोडी आजारी पडली तेव्हा या माणसाला बायको आठवली. वाटभर ती त्या निरोपावर धुमसत आली होती.

गल्ली तिला 'दुसरी' म्हणायची. तोंडावर नाही, पण गल्लीतल्या भिंती पातळ होत्या. घोडी पहिलीची होती. शिंगरू असताना पहिलीनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. पहिली जाऊन चार वर्षं झाली, दुसरी येऊन तीन. तीन वर्षं चारा दुसरीनं कापला, लीद दुसरीनं भरली, खरारा दुसरीनं केला. आणि घोडी मात्र येता-जाता नाक घासायची ते कोपऱ्यातल्या खुंटीवरच्या शालीला. पहिली तबेल्यात काम करताना ती शाल अंगावर घ्यायची. नवऱ्यानं ती खुंटीवरून कधी काढली नाही. दुसरीचा नुसता जळफळाट व्हायचा. जिवंत सवत असती तर निदान कचाकचा भांडता तरी आलं असतं. ही ना उलट बोलत होती, ना म्हातारी होत होती.

शेवटी एक दिवस दुसरीनं ती शाल धुतली. उकळत्या पाण्यात सोडा घालून, दोनदा. दोरीवर एकटी शाल दिसली तर डोळ्यांवर येईल, म्हणून घरात होतं नव्हतं ते सगळं त्या दिवशी तिनं धुवायला काढलं. संध्याकाळी शाल होती तशी खुंटीला अडकवली. नवऱ्याच्या काही लक्षात आलं नाही. तेही तिला सोसेना. जेवताना तो एवढंच म्हणाला, की मीठ जरा जास्त पडलंय. भांडायला तेवढं निमित्त पुरलं, आणि पिशवी उचलून ती तडक भावाकडे निघून गेली.

त्यालाही आज नऊच दिवस झाले होते. दारात उभ्या उभ्या हे तिच्या ध्यानात आलं आणि तिची नजर खुंटीवरच्या शालीकडे गेली.

तेवढ्यात म्हातारा नालबंद आत आला. या गल्लीत माणसांचा आणि घोड्यांचा वैद्य तो एकच. माणसाच्या खोकल्याला तो घोड्याचं औषध द्यायचा आणि घोड्याच्या पोटदुखीला माणसाचं, फक्त मात्रा बदलायचा. त्यानं घोडीचा ओठ वर करून हिरडी दाबून बघितली.

"परवा सांगितलेला कपडा मिळाला का?" त्यानं गाडीवानाला विचारलं.

"कसला कपडा?" दुसरी म्हणाली.

"जनावर कुणासाठी झुरत असलं, की त्या माणसाच्या अंगावरचा कपडा त्याच्या गळ्यात बांधायचा. न धुतलेला. घामाचा वास गेला की उपयोग नाही," म्हातारा म्हणाला. "माझ्या आजोबांचं औषध आहे. माणसांनाही लागू पडतं, पण माणसं मेली कबूल करत नाहीत."

गाडीवानानं मान हलवली. "सगळं घर पालथं घातलं. हाती लागलं ते सगळं धुतलेलं."

हे तो बायकोकडे न बघता बोलला. म्हणजे याला कळलंय, तिला वाटलं. घोडी गेली तर गाडी बसली, आणि गाडी बसली तर घर बसलं. आणि जन्मभर या घरात तिला एकच ओळख उरणार होती, पहिलीची घोडी मारणारी. तशातही तिच्या पोटात आग पेटलीच. चार वर्षं झाली तरी त्या बाईच्या घामाला एवढी किंमत. आपण इतकी वर्षं इथं घाम गाळला, तो कुणी हुंगला?

पण घोडीच्या फासळ्यांकडे तिला बघवेना.

"मी धुतली ती," ती म्हणाली. "तिची शाल. चुकून नाही, मुद्दाम धुतली. मला ती डोळ्यांसमोर सहन होत नव्हती. आता काय बोलायचंय ते बोला."

म्हाताऱ्यानं खुंटीकडे पाहिलं, मग गाडीवानाकडे. घोडीचे कान हलले. तिनं भिंतीकडून तोंड फिरवलं आणि दाराकडे बघत राहिली. गाडीवानाच्या गालांवर नऊ दिवसांची दाढी वाढली होती. बायको काय म्हणते आहे, ते त्याला कळायला थोडा वेळ लागला.

"शालीचं कुणी काय विचारलंय?" तो म्हणाला. "तुझा एकही कपडा धुवायचा राहिला नव्हता घरात, म्हणून तर तुला बोलावून घेतलं."