मनगटाचा पट्टा

सिंगापूरला, नोव्हेना भागातल्या माझ्या क्लिनिकबाहेर नॉर्वेच्या एका हार्ड रॉक बँडचा म्हातारा गिटारवाला येरझारा घालत होता. मला बघताच म्हणाला, “डॉक्टर, आमच्या ड्रमरचा ठेका आता चुकतो. तरुणपणापासून एकत्र वाजवतोय, माझ्याच्यानं त्याला ‘थांब’ म्हणवत नाही. त्याचं मनगट कामातून गेलंय, असं तुम्हीच सांगा ना!” आत मनगट दाखवायला आलेला ड्रमर खुर्चीत बसून पायानं अखंड ताल धरत होता. एक्स-रेमध्ये काहीच नव्हतं. मी तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, “मनगट ठणठणीत आहे, मला माहितेय. पण वाजवणं बंद करा, असं बाहेरच्या माझ्या मित्रासमोर सांगा. त्याची बोटं आखडतात. मी वाजवतोय तोवर तो काही गिटार खाली ठेवायचा नाही.” मी वैतागले. पुण्याहून आई-बाबाही असेच एकमेकांची दुखणी मला फोनवर सांगतात. समोरासमोर बोलतील तर शपथ! मी गिटारवाल्याला आत बोलावलं आणि मनगटाचा पट्टा त्याच्याच हातात दिला. “खोटं मी बोलणार नाही. बांधायचाच असेल, तर तुम्ही बांधा.” तो ड्रमरच्या मनगटावर वाकला. पट्ट्याचं टोक त्याच्या बोटांत धरवेना. निसटलं, पुन्हा निसटलं, शेवटी पट्टाच खाली पडला. ड्रमर बघत राहिला. मग त्याच ‘दुखऱ्या’ हातानं त्यानं पट्टा उचलला आणि हळूच गिटारवाल्याच्या मनगटावर बांधला. ड्रमरचा पाय थांबला होता.